बाईचा आवाज आणि बाईचं काम: आकाशवाणीच्या घरगुती फितींवरच्या प्रकल्प नोंदी

३ जून २०२४

माल मोजून घेतला. पाव इंची स्पूल २३, कॅसेटी ६४, शिवाय एका बिस्किटाच्या डब्यात नुसत्या गुंडाळलेल्या फितीचे दोन भेंडोळे. सगळं घरोघरी रेडिओवरून टेप केलेलं. बहुतेक मुंबई आणि पुणे केंद्रांचं, थोडं विविध भारतीचं.

आकाशवाणीच्या बायकांच्या कार्यक्रमांत बायकांचं काम कसकसं बदलत गेलं, ते ऐकून नोंदवायचं आहे. त्यासाठी केंद्राच्या संग्रहाऐवजी लोकांच्या माळ्यांकडे वळावं लागलं, कारण संग्रहात गाणं टिकलं, पुढाऱ्यांची भाषणं टिकली, गाजलेली नभोनाट्यं टिकली. दुपारच्या सभेतलं रोजचं बोलणं मात्र प्रक्षेपण झालं की पुसलं जायचं आणि त्याच फितीवर दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम चढायचा. फीत महाग होती, आणि लोणच्याच्या कृतीसाठी ती अडकवून ठेवावी असं कुणालाच वाटलं नाही. मुंबईचं ‘वनिता मंडळ’, पुण्याचं ‘गृहिणी’ ही नावं आजही लोकांच्या तोंडी आहेत. एक अख्खा भाग शोधायला निघालं तर दमछाक होते.

पहिल्याच पानावर एक गोष्ट लिहून ठेवतो. ऐकताना तिचा विसर पडतो. घरच्या फितींवरून घरातल्या कुणाला काय ठेवावंसं वाटलं एवढंच कळतं. काय प्रसारित झालं, ते कळत नाही. पाककृती पूर्ण असते आणि त्यानंतरचं कायद्यावरचं भाषण दोन वाक्यांवर तुटतं. ते तोडणारं बोट कुणाचं होतं, ते फीत सांगत नाही.

७ जून

वर्गवारी केली, आधी वासावरून आणि मग उजेडावरून. स्पूल उजेडासमोर आडवा धरला की अ‍ॅसिटेटची फीत कडेनं पारभासक दिसते, पॉलिएस्टरची दिसत नाही. अ‍ॅसिटेटला आंबूस, व्हिनेगरसारखा वास सुटतो आणि ती ताणली की लांबत नाही, तुकडा पडतो. असे ५ स्पूल निघाले. ते वेगळ्या कपाटात ठेवले, कारण त्यांचा वास शेजारच्या फितींनाही बाधतो. चिकट फितींवर मंद उष्णतेत भाजण्याचा उपाय करतात, तो यांना चालत नाही. म्हणून त्यांच्या डब्यांवर लाल शाईनं ‘भाजू नये’ असं लिहिलं.

९ कॅसेटींना बुरशी आहे, खिडकीतून पांढरी जाळी दिसते. कोकणातून आलेलं खोकं आहे, नवल नाही. बुरशीची फीत मुख्य यंत्रावर लावायची नाही. एकीची बुरशी हेडवरून, म्हणजे फितीला टेकून आवाज वाचणाऱ्या भागावरून, पुढच्या दहा जणींना लागते. त्यांच्यासाठी जुना डेक वेगळा काढला. मास्क, हातमोजे, बारीक गाळणीचा व्हॅक्यूम, मग कोरड्या मऊ कापडाच्या पट्टीवरून फीत हलक्या हातानं दोनदा पुढेमागे. ओलं काही लावायचं नाही.

१२ जून

यंत्रं लावली. स्पूलचं यंत्र दोन-ट्रॅक स्टिरिओ हेडचं आहे. घरगुती स्पूल बहुतेक अर्ध्या-ट्रॅकचे मोनो: एक बाजू फितीच्या वरच्या अर्ध्यात, उलटल्यावर दुसरी बाजू खालच्या अर्ध्यात. आपल्या हेडवर एकाच फेरीत दोन्ही उतरतात. डाव्या चॅनलला ‘अ’ बाजू सरळ, उजव्याला ‘ब’ बाजू उलटी. ‘ब’ संगणकात उलटवून घ्यायची. निम्मा वेळ वाचतो, फीतही एकदाच घासली जाते. डाव्या चॅनलवर सरळ बोलण्यामागे पुटपुटल्यासारखं उलटं बोलणं ऐकू आलं तर फीत चार-ट्रॅकची आहे किंवा हेड उंचीला सरकलंय. तेव्हा थांबायचं.

७ इंची स्पूलवर १२०० फूट फीत असेल तर सेकंदाला साडेसात इंचाच्या वेगाला बाजूस ३२ मिनिटं, पावणेचारच्या वेगाला ६४. डब्यावर कुणी वेग लिहिलेला नाही. दुप्पट-निम्म्याची चूक लगेच कळते, बाई चिमणीसारखी बोलते किंवा बुवा होते. छळते ती दोन-चार टक्क्यांची चूक.

कॅसेट डेक ३१५० हर्ट्झच्या चाचणी-कॅसेटवर तपासला. ३२४४ दाखवलं, म्हणजे ३ टक्के पळतोय. मोटरच्या पाठीला रबरी बूच काढलं की बारीक भोक असतं, आत फिरकी. प्लॅस्टिकच्या पेचकसानं अगदी कणभर फिरवायची, लोखंडी पेचकस आत टेकला तर मोटरचं सर्किट जातं. ३१५२ वर आणून सोडला. पट्टा नवा टाकल्यावर तासभर चालवून पुन्हा तपासायचा, नवा पट्टा आधी घट्ट असतो.

अ‍ॅझिमथ, म्हणजे हेडचा फितीशी होणारा कोन, प्रत्येक कॅसेटला वेगळा. दोन्ही चॅनल एकत्र करून मोनोत ऐकायचं आणि ‘स’, ‘श’, ‘च’ सर्वांत लख्ख येतील तिथं हेडचा पेच थांबवायचा. त्या कॅसेटचं काम संपलं की पेच परत मूळ खुणेवर.

उतरवण्याची मापं ठरली: ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल, सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आत. दोन चॅनलना तासाला साधारण २.१ जीबी लागतात. मूळ फाइलवर कुठलाही गाळ-काढा, म्हणजे संगणकानं खरखर पुसणं, नाही. ऐकण्यासाठीची प्रत वेगळी.

१५ जून

खोलीत आर्द्रता ७८ टक्के. काम बंद. डीह्युमिडिफायर आणला, ५० च्या आसपास टिकतो का बघायचं.

२१ जून

तीन स्पूल चिकट निघाले. लावल्याबरोबर चिरकतात, यंत्र ओढताना थबकतं, हेडवर तपकिरी चिखल. सत्तरीच्या मध्यापासून पुढं काही कंपन्यांनी फितीच्या लेपात जो पॉलियुरेथेनचा बांधक वापरला, तो हवेतलं पाणी ओढून सैल पडतो. जबरदस्तीनं वाजवली तर चुंबकीय लेपच उचलून येतो, म्हणजे आवाजच खरवडून निघाला.

उपाय भाजण्याचा. फळं सुकवायच्या यंत्रात ५२ ते ५४ अंश, ८ तास, मध्ये दोनदा उलटवून. मग बंद यंत्रातच तेवढाच वेळ थंड होऊ द्यायची. स्वयंपाकाच्या ओव्हनचा काटा दहा अंश इकडंतिकडं होतो, तो नाही वापरायचा. भाजलेली फीत काही आठवडे चालते, नंतर पुन्हा चिकटते. तोवर उतरवून घ्यायची. आणि हे फक्त चिकट पॉलिएस्टरला. अ‍ॅसिटेट भाजली तर वाकडी होऊन संपते. दर स्पूलनंतर हेड ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायचं.

कॅसेटींचा रोग निराळा. फितीमागचा स्पंजाचा प्रेशर पॅड गळालेला असतो, आवाज येतो-जातो. पाच स्क्रूंचं रिकामं कवच घेऊन दोन्ही चकत्या त्यात बसवायच्या. जुनं कवच चिकटवलेलं असेल तर शिवणीवर सुरी ठेवून हलका ठोका. सी-१२० ची फीत जेमतेम ९ मायक्रॉन. ती हातानं पेन्सिलीवर गुंडाळायची, यंत्रावर भरधाव मागेपुढे करायची नाही. बिस्किटाच्या डब्यातल्या एका भेंडोळ्याला कुणीतरी पाकिटं चिकटवायची चिकटपट्टी लावली होती. तिचा गोंद वितळून तीन-चार फेरे एकमेकांना धरून बसले होते. सुटे करून, कडा ४५ अंशांत कापून, फितीच्या खास पट्टीनं जोडले. सुमारे अर्धा सेकंद गेला. नोंदवहीत टाकला.

२८ जून

वेगाची पंचाईत, भाग दोन. आपला डेक बरोबर झाला, पण ज्या घरी टेप केलं तिथलं यंत्र बरोबर होतं का?

विजेची गुणगुण कामाला येते. घरी मुख्य विजेवर टेप केलं असेल तर ५० हर्ट्झचा बारीक सूर आणि त्याची पटीतली १००, १५० ची भावंडं फितीवर उतरलेली असतात. निवेदन थांबलेली जागा शोधायची, किमान १० सेकंदांची खिडकी घ्यायची, म्हणजे दशांश हर्ट्झपर्यंत वाचता येतं. १०० च्या जागी १०३ दिसलं तर फीत ३ टक्के जास्त वेगानं वाजतेय.

एवढ्यावर विसंबायचं नाही. आपल्याकडची वीज तरी कुठं ५० वर उभी होती! टंचाईच्या वर्षांत संध्याकाळी वारंवारता ४८.५ पर्यंत घसरायची. वीजजाळ्याच्या पश्चिम विभागात १ जुलै २००२ पासून उपलब्धतेवर आधारित वीजदर आले, तेव्हा ती ताळ्यावर आली. म्हणजे गुणगुणीतच ३ टक्क्यांचा घोळ असू शकतो. शिवाय सेलवर चालणाऱ्या ट्रान्झिस्टर-टेपवर जी गुणगुण सापडते ती प्रक्षेपकाकडची असू शकते.

म्हणून दुसरा साक्षीदार ठेवला, कार्यक्रमाची शीर्षकधून. ती रोज एकाच मूळ मुद्रणावरून वाजायची. एकाच कार्यक्रमाच्या सहा-सात फितींवरच्या धुनीचा षड्ज जुळवला की कुठली फीत किती सरकलीय ते एकमेकींच्या तुलनेत कळतं. सभा सुरू होतानाची आकाशवाणीची संकेतधून, वॉल्टर काउफमन यांची, एखाद्या फितीवर सापडली तर दुधात साखर. ती चांगल्या प्रतीत मिळते, थेट ताडून बघता येतं. नियम: गुणगुण आणि धून दोन्ही एक टक्क्याच्या आत जुळल्या तरच फितीला ‘वेग पक्का’ हा शिक्का. बाकी सगळ्या ‘वेग कच्चा’. कच्च्या फितींवर आवाजाच्या उंचीबद्दल, म्हणजे तो किती पातळ किंवा भरदार लागतो याबद्दल, एक अक्षर लिहायचं नाही.

४ जुलै

कॅसेट ४७, ‘अ’ बाजू. तार न जोडता रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून घेतलेलं. निवेदिका हिवाळ्यातल्या बाळाच्या आंघोळीबद्दल सांगते आहे आणि तिच्यावरून कुकरची शिट्टी. एक, दोन. मग स्टोव्हची घरघर थांबते, पावलं जवळ येतात, रेडिओचा आवाज वाढतो, लगेच टेपरेकॉर्डरची आपोआप पातळी सांभाळणारी सोय तो पुन्हा खाली दाबते. बांगड्या. पावलं परत जातात.

गाळ-काढ्यानं ही शिट्टी तासाभरात साफ होईल. करायची नाही. ऐकणारी बाई या फितीवर आहे, तिचं नाव कुठल्याच कार्यक्रमपत्रिकेत नसेल. नोंदीत तीन थर स्वतंत्र लिहायचे: ‘प्रसारण’, ‘खोली’, ‘यंत्र’. वेळा वेगळ्या, वर्णन वेगळं.

याच सोयीमुळे आणखी एक मनाई. घरगुती रेकॉर्डर हळू आवाज वर उचलतो आणि मोठा खाली दाबतो. त्यामुळे ‘निवेदिका दबलेल्या आवाजात’, ‘आत्मविश्वासानं’ असले शेरे कोष्टकातून काढून टाकले. तो दबलेपणा बाईचा की सर्किटचा, या फितींवरून सांगता येत नाही.

११ जुलै

नोंदपत्रकाचे रकाने ठरले. पहिला मसुदा टाकून दिला; त्यात ‘बाईचा आवाज आहे/नाही’ एवढाच रकाना होता, आणि बायकांच्या कार्यक्रमात तो कायम ‘आहे’ येणार. आवाज असणं आणि हातात काम असणं यांत फरक आहे. नवे रकाने:

प्रश्न कोण विचारतं. उत्तर कोण देतं. विषय कोण बदलतं. निरोप कोण घेतं. नाव कोण सांगतं आणि कसं सांगतं. हाक कशी मारली जाते.

हाकेच्या रकान्यात सर्वांत जास्त माल आहे. डॉक्टर बाई आली की तिला ‘डॉक्टर’ म्हणतात, ‘बाई’ म्हणतात, ‘ताई’ म्हणतात की आधी ‘डॉक्टर’ आणि गप्पा रंगल्या की ‘ताई’? श्रोत्यांना ‘भगिनींनो’ की ‘मैत्रिणींनो’? ‘भगिनी’ व्यासपीठावरून येते, ‘मैत्रीण’ शेजारी बसते. ‘वहिनी’ म्हटलं की बाई कुणाची तरी बायको म्हणून खोलीत आली. प्रत्येक हाक वेळेसह लिहायची, अर्थ लावायचा नाही. अर्थ नंतर.

नावांचा घोळही इथंच. ‘सौ.’ आणि नवऱ्याचं नाव, ‘श्रीमती’, ‘कुमारी’, माहेरचं नाव, सासरचं नाव, टोपणनाव. एकच व्यक्ती तीन नोंदींत तीन बायका होते. उदाहरण सगळ्यांना ठाऊक असलेलं: नीलम प्रभू आणि करुणा देव ही एकच अभिनेत्री. म्हणून व्यक्तीला क्रमांक द्यायचा आणि नावं त्याखाली, ज्या फितीवर जसं उच्चारलं तसं. पुरुषांच्या बाबतीत हा रकाना बहुतेक एका ओळीत संपतो. याचीही नोंद व्हायला हवी.

१९ जुलै

लिप्यंतर सुरू. एका तासाच्या ध्वनीला ७ तास लागताहेत. यंत्रानं काढलेला मजकूर कच्चा म्हणून घेतो, पण जुन्या मध्यम लहरीच्या आवाजावर तो फार अडखळतो आणि जिथं अडखळतो तिथं गप्प न बसता सुबक वाक्य बनवून टाकतो. रिकामी जागा परवडली.

माणसांचीही एक खोड आहे, आपण दुरुस्त करतो. मुलाखतीतली बाई ‘म्हनली’ म्हणते, हात आपोआप ‘म्हणाली’ लिहितो. नियम: ऐकलं ते लिहायचं. ‘न’ चा ‘ण’ करायचा नाही. अर्धवट वाक्य पुरं करायचं नाही. हुंकारही लिहायचा.

बोलणारा बाई की पुरुष हे मराठीत क्रियापदच सांगतं, ‘सांगते’ किंवा ‘सांगतो’. म्हणून क्रियापदावरून खूण लावणारा छोटा प्रोग्राम लिहिला. पहिल्याच फेरीत कॅसेट १२ मधल्या दोन बायकांना त्यानं पुरुष ठरवलं. बायका कोल्हापूरकडच्या, ‘मी आलो’, ‘मी जातो’ असं बोलणाऱ्या. प्रोग्रामचा दोष नाही, त्याला शिकवणाऱ्यांनी फक्त पुण्याचं मराठी धरलं होतं. उलट बाजूनं बातम्या: वृत्तनिवेदनात स्वतःचा उल्लेख ‘बातम्या देत आहेत’ असा आदरार्थी तृतीयपुरुषी असतो, त्यात लिंग कळतच नाही. पुणे केंद्राच्या बातम्यांत सुधा नरवणे हे नाव घराघरांत पोचलं, पण त्या वाक्यात नाव काढून दुसरं कुठलंही घाला, क्रियापद हलत नाही. बातम्यांच्या खुर्चीनं व्याकरण बदलायला लावलं नाही, हे मला या सगळ्या संग्रहातलं एक लक्षणीय निरीक्षण वाटतं. प्रोग्राम आता फक्त सुचवतो. शिक्का माणूस मारतो.

२६ जुलै

‘पुन्हा प्रपंच’चे तुकडे तीन कॅसेटींवर सापडले, एकही पूर्ण नाही. मुंबई केंद्राची ही श्रुतिका-मालिका: नीलम प्रभू मीनावहिनी, प्रभाकर जोशी पंत, बाळ कुडतरकर टेकाडे भावजी. तिघांचं घरातलं बोलणं आणि त्यातून चालू विषय.

नोंदपत्रक इथं फार उपयोगी पडतं आणि फार फसवतंही. दोन पुरुष, एक बाई, आणि तिची हाक नात्यातलीच. भावजी बाहेरून येतो, पंत घरचा, वहिनी दोघांच्या मध्ये. हा साचा गृहीत धरूनच सगळं चालतं, मग विषय रेशनचा असो की निवडणुकीचा. पण ‘विषय कोण बदलतं’ आणि ‘शेवटचं वाक्य कुणाचं’ हे रकाने भरायला घेतले की हाकेच्या रकान्याशी त्यांचं पटत नाही. वहिनी म्हणवली जाणारी बाई संवादाची सूत्रं हातात ठेवू शकते. म्हणून हाकेवरून भूमिका ठरवायची नाही, दोन्ही रकाने शेजारी ठेवायचे.

अभिनयाचा आवाज उंचीच्या मोजणीतून पूर्ण वगळला. मीनावहिनी हा बनवलेला आवाज आहे, तो नीलम प्रभूंच्या बोलण्याचं माप नाही.

२ ऑगस्ट

फितींत न सापडलेलं छापील कार्यक्रमपत्रिकांत शोधतो आहे. ‘इंडियन लिसनर’ हे नभोवाणीचं पाक्षिक २२ डिसेंबर १९३५ पासून. आधी ‘इंडियन रेडिओ टाइम्स’. १९५८ च्या जानेवारीपासून त्याचंच ‘आकाशवाणी’ झालं. त्यात केंद्रवार, वेळवार तक्ते असतात. बायकांचा कार्यक्रम कुठल्या वेळेला ठेवलाय हेच आधी बघायचं. दुपार धरली म्हणजे ऐकणारी घरी आहे, स्वयंपाक उरकलाय, मुलं शाळेत आहेत, असं धरलं. नोकरीवर जाणारी त्या वेळेत बसतच नाही. विषय कितीही बदलले तरी वेळ बदलली का, हा प्रश्न आधी.

खबरदारी: तक्त्यात छापलं म्हणजे प्रसारित झालं असं नाही. कुणी नेता वारला की दिवसाचा तक्ता कोलमडतो. छापील नोंदीला ‘नियोजित’ असाच शिक्का, ‘ऐकलेलं’ हा वेगळा.

९ ऑगस्ट

क्रांतिदिन, म्हणून काँग्रेस रेडिओची फाइल आजच उघडली. उषा मेहता, तेव्हा २२ वर्षांच्या, मुंबईत विद्यार्थिनी. ऑगस्ट १९४२ मध्ये ४२.३४ मीटरवर ‘हिंदुस्थानातल्या कुठूनतरी’ अशी घोषणा देऊन गुप्त प्रसारण सुरू. जागा सारख्या बदलायच्या. १२ नोव्हेंबर १९४२ ला प्रसारण चालू असतानाच पोलीस आत आले. उषा मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली, एप्रिल १९४६ मध्ये सुटल्या.

आपल्या कामाला यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की आज वाचायला मिळतो तो मजकूर बराचसा पोलिसांच्या कानांनी टिपलेला आहे. ज्यांना ते केंद्र बंद पाडायचं होतं त्यांनीच रोज बसून ते उतरवून घेतलं. म्हणून नोंदपत्रकात ‘आवाज’ रकान्यात रेघ, ‘मजकूर’ रकान्यात ‘पाळत ठेवणाऱ्यांनी उतरवलेला’. उषा मेहतांच्या नंतरच्या आठवणी आणि मुलाखती हा तिसरा, निराळा प्रकार. त्या १९४२ खाली घालायच्या नाहीत.

आणि हेही: दुपारच्या कार्यक्रमात बाईला घर सांभाळायचं शिक्षण देणं सुरू व्हायच्या सुमारासच एक बाई प्रक्षेपकाची जागा हलवत शहरभर फिरत होती. ‘आधी गृहिणी, मग नोकरदार, मग नेता’ अशी सरळ रेघ आखायचा मोह होतो तेव्हा ही फाइल काढून बघावी.

२० ऑगस्ट

उंचीची मोजणी. हे काम हातात घ्यायचं कारण १९९८ साली प्रसिद्ध झालेला ऑस्ट्रेलियातला अभ्यास. १९४५ च्या मुद्रणांतल्या तरुण बायकांच्या आवाजाचं सरासरी मूळ कंपन २२९ हर्ट्झ, १९९३ च्या मुद्रणांत २०६. पन्नासेक वर्षांत २३ हर्ट्झनं खाली. त्याचा संबंध बायकांच्या बदललेल्या स्थानाशी लावला जातो. मराठीत असं काही दिसतं का, असं प्रत्येक जण विचारतो.

उत्तर द्यायच्या आधीचं गणित. २२९ चे ३ टक्के म्हणजे जवळपास ७ हर्ट्झ. बिघडलेल्या पट्ट्याचा एक टेपरेकॉर्डर त्या २३ मधला तिसरा हिस्सा एकट्यानं घडवू किंवा खाऊ शकतो. ‘वेग पक्का’ शिक्का असलेल्या आपल्याकडं एकूण ११ फिती. त्यांतही वाचन आणि गप्पा वेगळ्या ठेवायला लागतात, लिहिलेलं वाचताना आवाज निराळा लागतो. हा आकडा काही सिद्ध करायला पुरेसा नाही. मोजणीची रीत तेवढी पक्की करून ठेवतो: प्राट या प्रोग्राममध्ये १०० ते ४०० हर्ट्झची मर्यादा, प्रत्येक व्यक्तीचं किमान ६० सेकंदांचं सलग बोलणं, मध्यक घ्यायचा. प्रोग्राम अधूनमधून अर्धी वारंवारता पकडतो, आलेखात रेघ एकदम खाली कोसळलेली दिसली की तो तुकडा हातानं तपासायचा. पार्श्वसंगीत असेल तर सोडून द्यायचं.

बायकांचा आवाज रेडिओवर ‘कर्कश’ लागतो ही तक्रार जगभर जुनी. बीबीसीनं १९३३ साली शीला बॉरेट यांना निवेदनाला बसवलं आणि तक्रारी आल्यावर काही महिन्यांत उठवलं. या तक्रारीत यंत्राचा वाटा किती, हे फितींवर कानानं कळतं. मध्यम लहरींवर साधारण साडेचार-पाच किलोहर्ट्झच्या वरचं काही पोचत नाही. ‘स’, ‘श’ चा जीव बराचसा त्याच्या वर असतो, बायकांच्या उच्चारात तर अधिकच वर. तो कापला गेला की उरतो मधला टोकदार भाग. पुरुषाच्या आवाजाचं त्यानं कमी नुकसान होतं. बाई कर्कश नव्हती, नळी अरुंद होती. एफएमवरच्या नंतरच्या फिती शेजारी लावून ऐकल्या की फरक डोळे मिटून कळतो.

२९ ऑगस्ट

तारखा ठरवणं. कव्हरवरच्या तारखेवर विश्वास नाही. एकाच कॅसेटवर तीन-तीनदा टेप केलंय आणि लेबल पहिल्या वेळचं. कॅसेट ८ वर लिहिलंय ‘भक्तिगीते’, आत बाळंतिणीच्या आहारावरचं भाषण.

आतल्या खुणा अशा लावतो. रेडिओचा परवाना पोस्टात नूतनीकरण करा, ही आठवण असेल तर १९८० च्या दशकाच्या मध्याच्या आधीचं. विविध भारतीवर जाहिरात असेल तर १ नोव्हेंबर १९६७ नंतरचं, मुंबई-पुणे-नागपूरला त्या दिवशी सुरुवात झाली. ‘महिला वर्ष’ म्हटलं तर १९७५ किंवा मागेपुढे. ‘रोजगार हमी’ १९७२ च्या दुष्काळापासून पुढं. राज्याचं ‘महिला धोरण’ म्हटलं तर १९९४ च्या जूननंतर. परवान्याची खूण ‘यानंतर नाही’ आणि बाकीच्या बहुतेक ‘याआधी नाही’ एवढंच सांगतात, ‘याच वर्षी’ असं नाही. दोन खुणांमधला पट्टा लिहायचा.

जाहिराती लोक टेप करताना थांबवून टाकायचे. जिथं थांबवायचं राहून गेलं तेच तुकडे आज सर्वांत उपयोगी. जाहिरातीत कोण कुणाला काय विकतंय, ते कार्यक्रमातल्या भाषणापेक्षा मोकळेपणानं सांगितलेलं असतं.

६ सप्टेंबर

७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला लागू झाली, पंचायतींत एक तृतीयांश जागा बायकांना. त्यानंतरच्या ग्रामीण कार्यक्रमांतल्या मुलाखती चार कॅसेटींवर. नोंदपत्रकाला इथं नवा रकाना लागला: ‘माइकबाहेरचा आवाज’.

प्रश्न सरपंचबाईंना. उत्तर यायच्या आधी लांबून, माइकच्या कक्षेबाहेरून, एक पुरुषी आवाज आकडा सांगतो. मग बाई तोच आकडा माइकमध्ये सांगतात. नुसतं लिप्यंतर वाचलं तर दुसराच आवाज दिसतो आणि सगळं आलबेल. म्हणून हेडफोन लावूनच ऐकायचं, १० डेसिबलनं उचललेली ऐकण्याची प्रत घ्यायची आणि पुटपुटणंही वेळेसह लिहायचं. उलटंही एकदा आहे: लांबचा आवाज काही सांगतो, बाई ते न घेता दुसरंच बोलतात. लांबून पुन्हा तेच येतं. बाईंचं वाक्य थांबत नाही. २ मिनिटं १४ सेकंदांच्या त्या तुकड्याला तीन जणांनी स्वतंत्र लिप्यंतर केलं, तिन्ही जुळली.

निवेदक त्यांना ‘सरपंच’ म्हणतो की ‘सरपंचबाई’, तेही लिहिलंय. एकाच मुलाखतीत दोन्ही.

१३ सप्टेंबर

ऐकवायचं कुणाला आणि कसं, ते ठरलं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात प्रसारणाच्या पुनरुत्पादनाचा हक्क २५ वर्षांचा, कलाकारांचा ५०, लेखकाचा मृत्यूनंतर ६० वर्षं. म्हणजे १९८५ च्या श्रुतिकेचा प्रसारण-हक्क संपला असला तरी लिहिणाऱ्याचा आणि बोलणाऱ्यांचा उभा आहे. इंटरनेटवर काही टाकायचं नाही. संशोधकांना खोलीत बसून, हेडफोनवर. लिप्यंतरातून वाक्य उद्धृत करायचं तर लहान.

‘खोली’ थराचं वेगळं. तिथं कुणाच्या तरी घरातलं बोलणं आहे, ‘ब’ बाजूंवर बारशी, भोंडले, सासूसुनेची कुरबुर. ज्यांनी फिती दिल्या त्यांना ते आधी ऐकवायचं आणि नको म्हटलं तर ती फाइल ऐकण्याच्या प्रतीतून वगळायची. दोघांनी नको म्हटलं. वगळली.

२० सप्टेंबर

स्थिती: स्पूल २३ पैकी २० उतरले, कॅसेटी ६४ पैकी ५८. उरलेल्यांत बुरशीच्या ४, फीत तुटून चकतीत अडकलेल्या २. अ‍ॅसिटेटचे ३ स्पूल कडा वाकल्यामुळे हेडला नीट टेकत नाहीत. त्यांना सैल गुंडाळून ५० टक्के आर्द्रतेत पंधरा दिवस ठेवलंय. फाइलींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या डिस्क आणि एक दुसऱ्या गावी. प्रत्येकीचा चेकसम, म्हणजे फाइल बदलली की बदलणारा आकडा, महिन्याच्या एक तारखेला तपासायचा.

कॅसेट ४७ च्या ‘ब’ बाजूला शेवटी सात मिनिटं नुसती खोली आहे. रेडिओ बंद, टेप चालू राहिलेला. लिप्यंतर बाकी.